दुपट्याला अडकणारी दाढी

नाही, पण मी म्हणतो, स्वतःच्या नातीचा पापा घ्यायला इन्स्पेक्शन पास व्हावं लागतं, असं तुमच्यापैकी कुणाच्या घरात आहे का हो? आमच्या घरात होतं! अडीच महिने होतं! रोज सकाळी सव्वासहाला मी बाथरूममधून बाहेर यायचं, खांद्यावर टॉवेल, तोंड पुढं करून शाळेतल्या पोरासारखं उभं राहायचं, आणि माझी पोटची पोरगी बाळाचं मलमलचं दुपटं बोटाला गुंडाळून माझ्या गालावरून फिरवणार. कशी फिरवणार? खालून वर! केसांच्या उलट! दुपटं सरकलं तर पास, अडकलं तर रिजेक्ट. "पप्पा, अडकतंय. आज नको." झालं. आज नको म्हणजे नको. नात तिकडं पाळण्यात पाय झाडतीय, माझ्याकडं बघून बोळकं पसरून हसतीय, आणि मी इकडं खुर्चीत बसून पेपर वाचतोय. पेपर कसला वाचतोय... पेपरच्या वरून तिला बघतोय.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला दाढी करायला येत नसेल. थांबा. मी कोण आहे ते आधी ऐकून घ्या आणि मग म्हणा. मी सयाजी. मूळचा निपाणीचा, तीस वर्षं झाली बेंगळूरात, घर दासरहळ्ळीला आणि काम तिथंच जवळ, पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत. टूल ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये फोरमन आहे. म्हणजे सगळ्या पीण्यातले कटर, ड्रिल, रीमर बोथट झाले की आमच्याकडं येतात आणि आम्ही त्यांना परत धार लावून देतो. साधी धार नव्हे. एक केस घ्या, त्याचे उभे वीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी जरी चूक झाली तरी गिऱ्हाईक माल परत पाठवतं. असल्या कामात माझे केस पांढरे झाले. आणि मला सांगतात, दाढी नीट करा! तीस वर्षं धार लावतोय मी, मला धारेचं कोण शिकवणार?

आणि माझी दाढी म्हणजे चार मिनिटांचं काम होतं हो. सातच्या शिफ्टला जायचं असतं, वेळ कुणाला आहे? नळाचं गार पाणी तोंडावर मारलं, क्रीम फासलं, ब्रश फिरवला न फिरवला, की रेझर घ्यायचा हातात. रेझर आपला जुना, दोन बाजूंच्या ब्लेडचा, पितळी, चांगला वजनदार. ती प्लास्टिकची पाच पाच ब्लेडं लावलेली खेळणी आपण घेत नाही. रेझर घेतला की दाबून, हनुवटीपासून कानापर्यंत, खालून वर, खरर्र... एका पासमध्ये फिनिश! मग तुरटी. तुरटी जोरात झोंबली की समजायचं, दाढी चांगली झाली. मला वाटायचं, सगळ्यांना झोंबते.

तर झालं काय, रंजिता आमची बाळंतपणाला आली. एकुलती एक लेक, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. मुलगी झाली, नाव ठेवलं केतकी. आणि सव्वा महिन्यानं बारसं केलं त्या दिवशी, सगळी माणसं जमलेली, मी त्या पोरीला उचललं, गालाला गाल लावला आणि घेतला पापा. पोरगी जी किंचाळली! बघतो तर गालावर रुपयाएवढा लाल डाग. दुसऱ्या दिवशी तो वाढला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी बाळ तपासलं, दुपटं तपासलं, साबण विचारला, तेल विचारलं, आणि मग मान वर करून नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाल्या, आजोबांना सांगा, गाल नका लावू. मी तिथंच उभा होतो हो, समोर! मला सांगा ना, आजोबांना सांगा काय?

घरी आल्यावर मला वाटलं, निदान महानंदा तरी माझ्या बाजूनं बोलेल. बायको आहे माझी. एकतीस वर्षांत माझ्या दाढीबद्दल एक शब्द बोललेली नाही. तर ती पाटावर लसूण सोलत शांतपणे म्हणते, "मी कधीची सांगणार होते." कधीची? एकतीस वर्षं कधीची सांगणार होती? विचारलं तर म्हणाली, अहो, तुम्ही ऐकणाऱ्यातले कुठं आहात. हे म्हणजे... जाऊ द्या.

मग रंजितानं ते दुपट्याचं काढलं. म्हणाली, पप्पा, मी काही कायमचं नको म्हणत नाही, दुपटं अडकलं नाही तर घ्या पापा, रोज घ्या. म्हटलं सरी, चालेल. त्यात काय आहे? केतकी चार महिन्यांची झाली की ही पुण्याला जाणार, म्हणजे माझ्याकडं अडीच महिने होते. माझ्यासारख्या माणसाला अडीच दिवस पुरे झाले असते! तीस वर्षं धार लावतोय मी.

पहिला संशय अर्थातच ब्लेडवर. मी ते ब्लेड डबीत घालून शॉपमध्ये नेलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. आणि काय सांगू तुम्हाला, चार दाढ्यांनंतर त्या धारेची अवस्था बघवत नव्हती. आता साधा माणूस काय करेल? फेकून देईल आणि नवीन लावेल, दोन-चार रुपयांची तर गोष्ट. पण आमच्या धंद्यात हत्यार फेकत नाहीत हो! बोथट झालं की धार लावतात! मी डायमंड व्हील लावलं, ब्लेड मॅग्नेटवर बसवलं, जेवणाची सुट्टी गेली माझी, पण दोन्ही बाजूंना अशी धार काढली की पोरं गोळा होऊन बघायला लागली. म्हटलं बघा, शिका. दुसऱ्या दिवशी घरी त्याच ब्लेडनं पहिला हात वरच्या ओठावर मारला... ते केस कापत नव्हतं. मुळासकट उपटत होतं. एवढं पातळ पान, ग्राइंडिंगच्या उष्णतेनं त्याच्या धारेची पार वाट लागलेली, हे मला आरशासमोर रक्त बघितल्यावर सुचलं. महानंदानं पेपरचे कपटे ओले करून माझ्या तोंडावर चिकटवले, आणि रंजितानं दुपटं न फिरवताच हात हलवला.

पण मी खचणारा माणूस नाही. ब्लेड नाही तर मग काय? अँगल! नवीन ब्लेड लावलं आणि शॉपमधला कोनमापक घरी आणला, तो पितळी, व्हर्नियरवाला. रेझरचं डोकं गालाला लावायचं आणि दांडा हळूहळू खाली आणायचा, ब्लेड केसाला भिडेपर्यंत. मापला. तीस अंश! म्हणजे दांडा फार वर धरला तर नुसता घासतो, कापत नाही, फार खाली आणला तर ब्लेड खरवडतं. हे मी स्वतः शोधून काढलं, कुणी सांगितलेलं नाही. महानंदा दारात येऊन बघत होती. एका हातात रेझर, एका हातात कोनमापक, अर्ध्या तोंडाला फेस, आणि शिफ्टला वीस मिनिटं उरलेली. तिनं चहा झाकून ठेवला आणि गेली. सव्वासहाच्या ऐवजी पावणेसातला दुपटं फिरलं. गालावर सरकलं! सरकलं हो! मी हात पुढं केलेच होते, तेवढ्यात पोरीनं दुपटं हनुवटीखाली नेलं. अडकलं. मानेवर सगळं अडकलं. म्हटलं, अगं पापा मी मानेनं घेणार आहे का? तर म्हणते, पप्पा, तुम्ही तिला खांद्यावर घेता तेव्हा तिचं तोंड कुठं येतं? मानेवर. चूक काढायचाच पगार घेते ती.

आणि मधे एका शनिवारी जावई आले. अजिंक्य. माणूस चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण दाढी बघा त्यांची! हनुवटीखाली चार बोटं, गालभर, जंगल नुसतं. मी मनात म्हटलं, आता ह्यांचं इन्स्पेक्शन बघू. मी मुद्दाम खुर्ची सरकवून बसलो. रंजितानं दुपटं घेतलं, त्यांच्या दाढीवर फिरवलं, खालून वर... आणि ते सरकलं. पास! आणि ती माझी नात, माझी, बापाच्या दाढीत नाक खुपसून झोपली! मी म्हटलं, हा अन्याय आहे. मग विचार केला तेव्हा कळलं, अन्याय नाही, मेकॅनिक्स आहे. बारीक सळई लांब असली की वाकते, आखूड असली की ताठ राहते आणि टोचते. लांब केस वाकतो. माझा केस पाव मिलिमीटरचा, ताठ उभा! जावई म्हणाले, पप्पा, तुम्ही पण वाढवा की. मऊ पडायला किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाले, दोन महिने, आणि मधला महिना जरा जास्त टोचेल. आणि माझ्याकडं उरले होते सात आठवडे. म्हणजे दाढी मऊ होणार त्याच्या आधीच नात पुण्याला जाणार. नको म्हटलं. आपण करायची तर गुळगुळीतच करायची. तीस वर्षं...

असो. आता मी जे केलं ते ऐका आणि हसू नका. मानेवर नेमकं काय होतंय ते मला बघायचं होतं. रेझर कुठं टेकतोय आणि कुठं उचलला जातोय, ते कळल्याशिवाय सुधारणार कसं? आता आमच्याकडं दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठं टेकतात ते बघायला एक निळा रंग असतो. पातळ थर लावायचा, घासायचं, जिथला रंग गेला तिथं टेकलं. एवढी साधी, शास्त्रशुद्ध गोष्ट! मी डबीतून थोडासा निळा घरी आणला. अगदी थोडासा. मानेला लावला आणि रेझर फिरवला. आणि दिसलं की हो सगळं! गळ्याच्या घाटीच्या डाव्या बाजूला रेझर टेकतच नव्हता! आणि केस, तुम्हाला वाटतं केस सगळीकडं खाली वाढतात, नाही, मानेवर डावीकडचे आडवे वाढतात आणि उजवीकडचे चक्क वर, कानाकडं! सत्तावन्न वर्षं माझी मान माझ्याकडं आहे आणि मला हे माहीत नव्हतं. शोध लागला म्हणून मी खूश, आणि धुवायला गेलो...

तो निळा धुण्यासाठी बनवलेलाच नाही.

साबण झाला, रॉकेल झालं, खोबरेल झालं. निळा पसरला, गेला नाही. मान निळी, कान निळे, बनियन निळं. शेजारच्या यल्लव्वाक्कांनी जिन्यात बघितलं आणि हातातली पिशवीच खाली ठेवली, "येनाय्तु अण्णा?" काय झालं अण्णा? त्यांना वाटलं मला काहीतरी चावलंय. त्यांना काय सांगू, नातीसाठी केलंय? आणि हे एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी केतकी रडायला लागली, दोघी स्वयंपाकघरात, मी म्हटलं नुसतं उचलतो, गाल नाही लावत. उचललं. गप्प झाली पोर. पाच मिनिटं खांद्यावर होती, माझ्या कानापाशी तिचा श्वास, मला बरं वाटलं. आणि रंजिता आली. केतकीच्या कपाळावर निळा, नाकावर निळा, मुठीवर निळा, आणि मूठ तोंडाकडं चाललेली.

रंजिता ओरडली असती तर परवडलं असतं. ती ओरडली नाही. तिनं बाळ घेतलं, पुसलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काहीही हळू करता येत नाही का हो?" आणि रंग जाईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही असं ठरलं. सहा दिवस. सहा दिवस मी माझ्याच घरात पाळण्याची दोरी ओढत होतो, दुसऱ्या टोकाला बसून. दोरी सहा फुटांची होती.

ते वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी तीस वर्षं अख्ख्या पीण्यात काय ऐकलंय? सयाजण्णांचा हात, सयाजण्णांची धार. आणि घरात काय? काहीही हळू करता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये गेलो आणि जेवलो नाही. तेव्हा देवाप्पा माझ्यापाशी येऊन बसला. देवाप्पा म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, मशीनला हात लावत नाही, सगळं हातानं घासून लेव्हल करतो. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा कन्नडमध्ये. त्यानं माझ्या निळ्या मानेकडं बघितलं, काय झालं विचारलं नाही. म्हणाला, कशी दाढी करता, दाखवा. हातात काही नव्हतं म्हणून मी स्टीलची पट्टी घेतली आणि हवेत नाही, त्याच्याच हातावर, मनगटाच्या वर, रेझर फिरवतो तशी फिरवून दाखवली.

त्यानं हात मागं घेतला. पांढरा ओरखडा उठला होता. म्हणाला, "सयाजण्णा, ओत्तबेडी." दाबू नका. एवढंच. आणि मग, त्या नवीन पोराला मघाशी तुम्ही काय ओरडत होता? आता मी काय ओरडत होतो, तर रोजचंच. अरे दाबू नको! व्हील धारदार आहे, त्याला काम करू दे! शेवटचे दोन पास नुसते मारायचे, पुढं न सरकवता, ठिणगी बंद होईपर्यंत, तेव्हा फिनिश येतं! हे मी दिवसातून वीस वेळा ओरडतो. आणि देवाप्पा माझ्याकडं बघतोय, मी देवाप्पाकडं बघतोय... आणि मला सगळं दिसलं. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय दाबू नका, आणि रोज सकाळी घरी येऊन, आपलं, घरून निघताना, स्वतःच्या तोंडावर दाबतोय. आणि एका पासमध्ये फिनिश! कारखान्यात कुणी पोरानं एका पासमध्ये फिनिश काढतो म्हटलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

तर बरं का, मला कुणी शिकवलं नाही. मला येतच होतं. देवाप्पानं फक्त आठवण करून दिली.

त्या दिवसापासून मी दाढीची पद्धत बदलली, आणि तुम्हाला फुकट सांगतो, ऐकून घ्या. आधी अंघोळ, मग दाढी. केस ऊन पाण्यानं मऊ होऊ द्यायचा. मग फेस, तोही गालावर नाही, वाटीत. आणि इथं बेंगळूरची गंमत बघा, बोअरच्या पाण्याला फेसच येत नाही! ब्रश मोडेपर्यंत घुसळा, नुसतं दही फाटल्यासारखं दिसतं. आणि सरकारी नळाला येणारं कावेरीचं पाणी घेतलं की दोन मिनिटांत पिठल्यासारखा घट्ट, चमकदार फेस. कावेरी आमच्याकडं एक दिवसाआड येते. मग मधल्या दिवशी काय? पिण्याच्या कॅनमधलं अर्धी वाटी घेतलं एकदा. महानंदा म्हणाली, बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळायचं पाणी आहे ते. मग मी कावेरीच्या दिवशी एक बाटली भरून कपाटात लपवायला लागलो. कपड्यांच्या मागं. ह्या वयात माणूस कपाटात पाणी लपवतो!

आणि रेझर? दोन बोटांत धरायचा, दांड्याच्या शेवटाला. त्याचं वजन आहे ना, तेवढं वजन पुरे, आपण आपलं वजन त्यात घालायचं नाही. लहान लहान हात, बोटभर, मग धुवायचा. पहिला पास केस वाढतात त्या दिशेनं. परत फेस. दुसरा आडवा. परत फेस. मग जिथं राहिलंय तिथंच तिसरा, तोही नुसता पुढं न सरकवता, ठिणगी बंद होईपर्यंत... म्हणजे तुम्हाला कळलं काय ते. पहिले आठ दिवस मला भयंकर जड गेलं हो. जोर लावायचा नाही हे फार जड असतं! हात आपोआप दाबायला जायचा आणि मी आरशात स्वतःलाच बजावायचो, ओत्तबेडी, ओत्तबेडी. महानंदाला वाटलं मी कसला तरी जप सुरू केलाय. चार मिनिटांची दाढी बावीस मिनिटांवर गेली, मी पाचला उठायला लागलो. गुळगुळीत होत होतं, पण रोज कुठंतरी एक धागा अडकायचाच. जबड्याच्या कडेला. मग घाटीपाशी. मग कानाखाली. आठवडे चालले होते. रंजितानं बॅगा काढल्या, झबली घड्या करून ठेवायला लागली. दहा दिवस उरले. नऊ उरले.

आठ दिवस उरले असताना, मंगळवारी, कावेरीच्या दिवशी, मी बाहेर आलो. दुपटं आलं. डावा गाल, सरकलं. उजवा, सरकलं. जबडा, हनुवटी, घाटी, कानाखाली... रंजितानं एकदा फिरवलं, परत फिरवलं, मग दुपटं बाजूला ठेवून स्वतःचा हात फिरवला. ती आत गेली, केतकीला घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मी गाल लावला तिच्या गालाला. रडली नाही. उलट घासायला लागली, इकडून तिकडं. मला रडू आलं. माणसानं स्वतःच्या नातीच्या गालाला गाल लावला म्हणून रडू नये, पण आलं. महानंदा लसूण सोलायची थांबली, तेवढंच.

आणि तेवढ्यात केतकीनं आनंदानं माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ओढलं. नाकापासून हनुवटीपर्यंत, चर्र! नखं हो! तीन आठवड्यांत माझ्या तोंडावर एक ओरखडा नव्हता, एक थेंब रक्त नव्हतं, आणि ह्या एवढ्याशा बोटांनी उभी रेघ मारली! रक्त आलं. मी म्हटलं, अरे, हिची नखं कुणी कापत नाही का? मग बाहेर आलं सगळं. मागच्या वेळी अजिंक्यनं कापायला घेतली होती, नखाबरोबर जरासं कातडं आलं, बाळ रडलं, मग रंजिता रडली, मग ते स्वतः रडले, आणि त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. महानंदाला चष्मा लावूनही ती नखं दिसत नाहीत. म्हणून आपलं मोजे घालून ठेवत होत्या हाताला, त्या सकाळी तेवढे निघाले होते. मला वाटायचं, थंडीचे आहेत.

रंजितानं माझ्या तोंडावरचं रक्त त्याच दुपट्यानं पुसलं आणि माझा हात धरला. नुसता धरून बघितला थोडा वेळ. म्हणाली, "पप्पा, तुम्ही कापा. तुमचा हात हलका आहे."

तीस वर्षं धार लावतोय मी, हे मला कुणी म्हटलं नव्हतं! तुमचा हात पक्का आहे, म्हणाले. भारी आहे, म्हणाले. हलका आहे, कुणी नाही. केतकी दूध पिऊन झोपली तशी मी तिला मांडीवर घेतलं. ती नखं तुम्ही बघितलीत का कधी? कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी. एकेक बोट धरायचं, बोटाची कातडी खाली दाबायची, कात्री टेकवायची, आणि दाबायचं नाही... हातांची दहा आणि पायांची दहा. चाळीस मिनिटं लागली. पोर हललीसुद्धा नाही. माझं बनियन मात्र घामानं पिळून निघालं. आयुष्यात एवढं बारीक काम मी केलेलं नाही, आणि तुम्हाला सांगतो, एकाही नखाला माल परत येईल अशी कड नव्हती!

आठ दिवस रोज पापे घेतले, पोटभर घेतले. मग ती पुण्याला गेली. मी म्हटलं, चला, आता निवांत झोपू, पाचला कशाला उठायचं. चौथ्या दिवशी रंजिताचा फोन. बाळ कसं आहे विचारलं, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, पप्पा, नखं वाढलीत. म्हटलं, काप की. नाही म्हणे, मला भीती वाटते. अजिंक्यला दे. तर म्हणे, ते खोलीतून बाहेर जातात. म्हटलं, पुण्यात एवढी माणसं आहेत! तर तिनं फोन बाळाच्या तोंडापाशी धरला. आणि मग केतकीचा आवाज आला, नुसता हुंकार. मी तिथल्या तिथं बसचं तिकीट काढलं.

तर आता असं आहे. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी शिफ्ट संपली की मी गोरगुंटेपाळ्याला पुण्याची बस धरतो. चौदा-पंधरा तास जायला. शनिवारी पोचल्यावर आधी दाढी, तीन पास, दुपट्याचं इन्स्पेक्शन अजून चालूच आहे, मग पापा, मग ती झोपली की वीस नखं. आणि रविवारी संध्याकाळी निघून चौदा-पंधरा तास परत. सोमवारी शिफ्टला पोचायला उशीर होतो म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज द्यावा लागतो. कारण काय लिहू? मी आपलं लिहिलं, "बाहेरगावचं फिनिशिंगचं काम." साहेबांनी अर्ज तीनदा वाचला, मग मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सयाजी, हे बाहेरगावचं काम कधी संपणार? आता मी त्यांना काय सांगू? म्हटलं, साहेब, नखं आहेत ती. वाढणारच.